फॉर्म शेवटी भरा: नऊ वर्षांच्या गॅपनंतर विज्ञानाकडे परतताना

मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी केंद्र सरकारची संशोधन फेलोशिप, शेवटच्या तारखेला अकरा दिवस बाकी. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने मी तालुक्याला गेले, कॅफेवाल्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि फॉर्म उघडला. दुसऱ्या पानावर गाडी अडली. यजमान संस्थेचं संमतिपत्र जोडा. मेंटॉरचं नाव लिहा. संशोधन प्रस्ताव अपलोड करा. यातलं एकही माझ्याकडे नव्हतं. त्यात एमएस्सीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कॅफेवाला म्हणाला, "ताई, नाव नेमकं कोणतं टाकू?" मुदत गेली, सव्वाशे रुपये गेले, दिवस गेला.

त्या दिवशी एवढं मात्र कळलं की मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आपण योजनेची जाहिरात पाहतो आणि धावत सुटतो. योजना ही शेवटची पायरी आहे. त्याआधी कागद, मग घरातले तास, मग हात आणि डोकं पुन्हा चालू करणं, मग एसटीच्या टप्प्यातली एक लॅब, मग एक लहानसा प्रश्न. हे पाच जागेवर असले की फॉर्म दोन दिवसांत भरून होतो. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे. मी मायक्रोबायोलॉजीची, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्रवाल्यांनी आपापलं बदलून घ्यावं.

पुरुषांनाही खंड पडतो. वडील गेले म्हणून शेती बघायला परतलेले दोन एमएस्सी झालेले भाऊ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी खास योजना फारशा नाहीत, पण शेवटच्या भागातले नेट-सेट, पीएचडी, प्रोजेक्ट हे रस्ते त्यांनाही खुले आहेत.

आधी कागद

सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, म्हणून आधी उरका. दहावीपासूनचे सगळे मूळ कागद एका फोल्डरमध्ये काढा. एक तरी गायब असतोच. माझं एमएस्सीचं पदवी प्रमाणपत्रच नव्हतं. मार्कशीट हातात आली, लग्न ठरलं, पदवीदानाचा फॉर्म भरायचा राहूनच गेला. विद्यापीठातून पदवी काढायला वेळ लागतो, तेव्हा पहिला अर्ज तिथेच करा आणि बाकीची कामं त्याच्या जोडीने चालू द्या.

नावाचा घोळ हा बायकांच्या वाट्याला येणारा खास घोळ. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करून घ्या. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं. काही संस्था राजपत्रातला नावबदल मागतात, तो अर्ज ऑनलाइन होतो. माझं मत विचाराल तर, पदवीवरचं नाव आणि संशोधनाचं नाव एकच ठेवा. जुना एखादा पेपर माहेरच्या नावाने छापला असेल तर पुढचेही त्याच नावाने छापा. ऑर्किड नावाचा संशोधकांचा फुकट ओळख क्रमांक मिळतो, तो काढून ठेवला की दोन्ही नावं एकाच खात्यावर दिसतात.

गॅपचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमी लेयर लागू असेल तर तारखा तपासा. नॉन-क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते आणि जाहिराती नेमक्या एप्रिल-मेमध्ये निघाल्या की सेतू केंद्रावर रांगा लागतात.

घरातले तास

ही पायरी लिहायला सोपी आणि करायला सगळ्यात अवघड. "मला पुन्हा काम करायचं आहे" असं घरी सांगितलं तर सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. कारण 'काम' हा शब्द हवेतला आहे. त्याऐवजी तास सांगा, वार सांगा, महिने सांगा. मी घरी असं सांगितलं: मंगळवार आणि शनिवार मी सकाळी सव्वासहाच्या गाडीने अमरावतीला जाणार, संध्याकाळी परत येणार, सहा महिने. मुलीचा डबा मी आदल्या रात्रीच अर्धा तयार ठेवणार. सहा महिन्यांनी पुन्हा बसून ठरवू.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आधीच सांगून ठेव बापा त्या सरले, कापूस वेचणीत तुले सुट्टी भेटणार नाही घरून." मला तेव्हा राग आला. नंतर लक्षात आलं की सगळ्या घरात कॅलेंडर बघून बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, दिवाळीपासून कापूस वेचणी चालते, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा. या महिन्यांत घर हात मागतंच. म्हणून वर्षाचा कागद घेऊन त्यावर पिकाचे महिने, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई असं सगळं आधी लिहा. उरलेल्या जागेत अभ्यासाचा आणि लॅबचा जोर बसवा. जून-जुलै पेरणीचे पंधरवडे सोडले तर पावसाळा अभ्यासाला सगळ्यात चांगला.

प्रवासाचा खर्चही आधी मांडा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आठवड्यातून दोन फेऱ्यांचा हिशेब त्यामुळे आवाक्यात येतो. महिन्याचा आकडा काढून नवऱ्यासमोर ठेवा. आकडा दिसला की चर्चा भावनेवरून हिशेबावर येते.

हात परत आणणं

नऊ वर्षांनी मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन, धरलं तेव्हा माझा अंगठा पहिल्या टप्प्यावर थांबेचना, थेट तळाला जायचा. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी: पिपेटच्या दांड्याला दोन टप्पे असतात. पहिल्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबून उरलेला थेंब बाहेर काढायचा. ओढतानाच तळाला गेलं तर द्रव जास्त येतो. बोटांना हे पूर्वी न विचारता कळायचं. आता कळत नव्हतं.

त्यावर एक साधा सराव आहे आणि त्याला फुकटचं पाणी पुरतं. चार दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा तराजू असेल तर त्यावर लहान बीकर ठेवून शून्य करा. १०० मायक्रोलिटर पाणी सोडा. वजन ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. पुन्हा शून्य, पुन्हा सोडा, असं दहा वेळा. दहा आकडे वहीत एकाखाली एक लिहा. माझ्या पहिल्या दिवसाचे आकडे ०.०९१ पासून ०.११२ पर्यंत पसरले होते. आठवडाभराने सगळे ०.०९८ ते ०.१०१ मध्ये आले. सगळे आकडे एकाच बाजूला झुकलेले असतील तर पिपेटचं कॅलिब्रेशन बिघडलं आहे, इकडेतिकडे उडत असतील तर हात. दोन्ही ओळखता आलं पाहिजे.

मग मातीचं सिरियल डायल्यूशन, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करत जाणं. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, असं सहा नळ्या. शेवटच्या तीन नळ्यांतलं ०.१ मिलिलिटर जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरायचं आणि ३० ते ३०० वसाहती, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, असलेली प्लेट मोजायची. दर पायरीला संख्या साधारण दहापट कमी व्हायला हवी. माझ्या दहा हजारपट पातळ प्लेटवर २१० वसाहती आल्या, लाखपटवर ६१. यायला हव्या होत्या वीस-बावीस. दोन दिवस मी मातीला दोष दिला, माध्यमाला दोष दिला. शेवटी लॅब असिस्टंट दादांनी विचारलं, "मॅडम, टिप बदलली होती का दर नळीला?" बदलली नव्हती. घट्ट नळीतल्या टिपला, म्हणजे पिपेटच्या प्लास्टिकच्या टोकाला, चिकटलेले जिवाणू पुढच्या नळीत जात होते. एमएस्सीला असताना हे मी ज्युनिअर मुलींना ओरडून सांगायचे.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण परतताना भीती असते ती "विषय विसरला असेल" याची. विषय फारसा विसरत नाही. हाताच्या सवयी विसरतात, आणि त्या दीड-दोन महिन्यांत परत येतात, फक्त कुणीतरी लॅबमध्ये उभं राहू द्यायला हवं.

डोकं अद्ययावत करणं, तेही घरून

मधल्या काळात काय काय बदललं याची यादी केली तर छाती दडपते. माझ्या विषयात जनुकांचं सिक्वेन्सिंग स्वस्त झालं, जनुकांत हवा तो बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राला २०२० मध्ये नोबेल मिळालं, प्रथिनांची रचना संगणक सांगू लागला. सगळं शिकायचं नसतं. आपल्या प्रश्नाला लागणारी एक नवी गोष्ट आणि थोडं संख्याशास्त्र, एवढ्याने सुरुवात होते. संख्याशास्त्र मात्र टाळू नका. आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषांतली एक, निदान सरासरी, विचलन आणि आलेख काढण्यापुरतं, साध्या लॅपटॉपवर शिकता येते. हा एकच भाग असा आहे की जो गावात बसून, रात्री नऊनंतर, शहरातल्या मुलांइतकाच चांगला करता येतो.

स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवरचे कोर्स बघायला फुकट आहेत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क लागतं. एक कोर्स परीक्षेसह पूर्ण करा, कारण खंडानंतरचा ताज्या तारखेचा एक तरी कागद सीव्हीवर हवा. पाच अर्धवट कोर्स कुणी विचारत नाही.

वाचनासाठी शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध मोफत आहेत. आपल्या विद्यापीठातल्या कुठल्या गाईडकडे काय काम झालं हे तिथे उघड्या पुस्तकासारखं दिसतं, आणि पुढच्या पायरीला ते फार उपयोगी पडतं. जर्नल्ससाठी जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं आहे, त्यात सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांतून हजारो जर्नल्स वाचता येतात. लॅबमध्ये पाय ठेवलात की लायब्ररीत जाऊन त्याचं लॉगिन आहे का ते विचारा. मी शनिवारी लायब्ररीच्या संगणकावर आठवड्याचे पेपर उतरवून पेनड्राइव्हवर घरी आणायचे. गावात नेटवर्क पिंपळाच्या पारावर चांगलं येतं, तिथे बसून पेपर उतरवणं काही जमलं नाही.

लॅब शोधणं

मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेपासून सुरुवात करू नका. जिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं तिथून करा. विदर्भात विज्ञानाच्या जागा आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. नागपुरात पर्यावरण संशोधनाची नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, व्हीएनआयटी, एम्स, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. वर्ध्याला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आणि ग्रामीण औद्योगिकीकरणाची एमगिरी. अमरावतीत संत गाडगे बाबा विद्यापीठ, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आणि आरोग्य संशोधन करणारी सर्च. आणि यांच्या खाली, कुणाच्या लक्षात न येणारी, तालुक्या-जिल्ह्याच्या कॉलेजांतली विद्यापीठमान्य संशोधन केंद्रं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त गाईड आणि केंद्रांची यादी असते. आपल्या बस मार्गावरची नावं त्यात आधी शोधा.

गाईड निवडताना दोन गोष्टी सरळ विचारा, संकोच करू नका. जागा रिकामी आहे का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी एका वेळी घेता येतात. आणि निवृत्ती कधी? तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. "या, बघू" म्हणत एक वर्ष घालवणारे भेटतात. त्यांच्या बोलण्यात ही दोन उत्तरं कधीच नसतात.

पत्र किंवा मेल लहान ठेवा. "आदरणीय सर, मला संशोधनाची आवड आहे" हे वाक्य रोज त्यांच्याकडे येतं. मी पाठवलेल्या मेलचा आशय असा होता:

"मी अमुक साली मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं. त्यानंतर नऊ वर्षं घरच्या जबाबदारीमुळे कामापासून दूर होते. तुमचा क्षारपड मातीतल्या जिवाणूंवरचा पेपर वाचला. त्यातले नमुने पावसाळ्यानंतरचे आहेत. आमच्या शेतात एप्रिलमध्ये मातीवर पांढरा थर येतो, तेव्हा याच जिवाणूंचं काय होत असेल असा प्रश्न पडला. मी दर्यापूरजवळ राहते, आठवड्यातून दोन दिवस येऊ शकते. तीन महिने सरावासाठी लॅबमध्ये बसू द्याल का? वीस मिनिटं भेट मिळाली तर सांगाल त्या दिवशी येईन."

सात जणांना पाठवला. दोघांची उत्तरं आली, एकाने बोलावलं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग प्रत्यक्ष जा. आपल्याकडे अजूनही दाराशी उभं राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

बिनपगारी कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तीन महिने, त्याच्या वर नाही. आणि तेही साध्या पत्रावर तारखा घालून घ्या. त्या पत्राचा दुसरा उपयोग असा की पुढे अनुभवाचा दाखला मागायला तोंड उरतं. माझ्या एका ओळखीच्या ताईने एका कॉलेजात दीड वर्ष फुकट काम केलं. शेवटी तिच्या हातात काहीच कागद नव्हता.

प्रश्न दाराशीच असतो, पण तो लहान करावा लागतो

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी खारं, त्यातल्या सोडियममुळे काळी माती चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. त्यामुळे बरंचसं शेत ओलाव्यावरच, आणि रब्बीत हरभरा. लहानपणापासून हे पाहिलेलं, पण हा संशोधनाचा विषय आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

मी पहिल्यांदा सरांसमोर ठेवलेला विषय असा होता: "विदर्भातील शेतीसाठी जैविक खतांचा विकास". सरांनी डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला: "खारपाणपट्ट्यातील हरभऱ्याच्या मुळांजवळचे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू". सर म्हणाले, बरा आहे, पण यातून उत्तर काय मिळेल? तिसऱ्या खेपेला असं झालं: एकाच शिवारातल्या, पाण्याचा खारेपणा वेगळा असलेल्या तीन शेतांतून माती घ्यायची. तिच्यातले जिवाणू पिकोव्हस्काया नावाच्या माध्यमावर वाढवायचे. स्फुरद विरघळवणाऱ्या वसाहतीभोवती पारदर्शक वलय दिसतं, तसे जिवाणू वेगळे काढायचे. त्यातले कोणते १, २ आणि ४ टक्के मिठातही वलय देतात हे तपासायचं. आता प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते एका हंगामात, कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये मिळण्यासारखं होतं.

तुमचा विषय वेगळा असेल तरी पद्धत हीच. यवतमाळ आणि चंद्रपूरकडे काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. रसायनशास्त्रवालीला एका गावातल्या वीस हातपंपांचं ऋतूनुसार मोजमाप हाही विषय पुरतो. प्राणिशास्त्रवाल्यांना कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आहे, भूगर्भ आणि सूक्ष्मजीव दोन्हीवाल्यांना लोणार, जिथलं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं आणि त्याला मीठप्रिय सूक्ष्मजीव कारण निघाले. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव. शहरातल्या संशोधकाला इथे नमुने घ्यायला गाडी करून यावं लागतं. आपण शेजारच्या काकांना विचारून बांधावर जातो. प्रस्तावात हे लिहा: नमुने दर पंधरवड्याला, वर्षभर घेता येतील. मूल्यांकन करणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आता रस्ते, आणि शेवटी फॉर्म

प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी दोन्हींना वयाची अट नाही. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपला मात्र आहे: ३० वर्षं, महिलांना ५ वर्षांची सवलत. म्हणजे चौतिसाव्या वर्षी अभ्यास सुरू करणारीने आधी जेआरएफचा प्रयत्न करून घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. सेट ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि विदर्भातही केंद्रं असतात. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी सक्तीची नाही. तासिका तत्त्वावरची नोकरी मिळाली तर घ्या, पण तिच्या पगारावर घर चालवायचा विचार करू नका. मानधन कधी येईल हे देवालाही सांगता येत नाही.

पीएचडीसाठी पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५ टक्के सवलत. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. परतणाऱ्या मुली विषयाचा अभ्यास करतात आणि नेमका हा अर्धा भाग सोडतात. अर्धवेळ पीएचडीलाही नियमांत जागा आहे. २०२२ च्या नियमांत बायकांसाठी आणखी काही गोष्टी आहेत ज्या कॉलेजात कुणी आपणहून सांगत नाही: दोन वर्षांची जादा मुदत, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षं. २४० दिवसांपर्यंत बाळंतपण किंवा बालसंगोपन रजा. आणि लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसऱ्या गावी गेलात तर तुमचा संशोधनाचा डेटा काही अटींवर नव्या संस्थेत नेता येतो. पीएचडी अर्धवट सुटली असेल तर नवी नोंदणी करण्याआधी जुन्या विद्यापीठात जाऊन मुदत खरंच संपली का ते बघा.

पीएचडीसाठी राज्यातर्फे बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि नागपुरातली महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) यांच्या फेलोशिप आपापल्या गटांसाठी आहेत. त्यांना बहुतेक वेळा पीएचडीची नोंदणी आधी लागते.

खास खंड पडलेल्या महिलांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही छत्री. २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना म्हणून सुरू झालेलं काम आता हिच्याखाली आहे. तिच्यात पीएचडीसाठी वेगळी, पीएचडीनंतरच्या कामासाठी वेगळी, समाजाच्या प्रश्नांवरच्या कामासाठी स्कोप, आणि पेटंटच्या प्रशिक्षणासाठी आयपीआर. वयाची अट प्रत्येकीची वेगळी, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आहे, आरोग्य संशोधन विभागाचीही खंड पडलेल्या महिलांसाठी फेलोशिप आहे, सीएसआयआरने ॲस्पायर नावाने महिलांकडून प्रस्ताव मागवले होते. आमच्यासारख्या गावच्या विषयांना स्कोप सगळ्यात जवळची वाटते.

पेटंटच्या वाटेबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण गावात राहणारीला ती खरंच जमते. विज्ञानाची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, आणि शोध घेणं, मसुदा तयार करणं ही बरीच कामं घरून होतात. लॅबची ओढ नसेल, वाचनाची आणि इंग्रजीची सवय असेल, तर पीएचडीच्या मागे न लागता थेट इकडे वळायला हरकत नाही.

पैसे घेऊन तीन दिवसांत पेपर छापणारी जर्नल्स, प्रबंध "करून" देणारी दुकानं आणि फेलोशिप मिळवून देतो म्हणणारे दलाल या तिघांना लांब ठेवा. पहिल्या प्रकारात माझे स्वतःचे अडीच हजार गेले आहेत. तो पेपर आज मी सीव्हीवर लिहीत नाही.

मुलाखत

मुलाखत ऑनलाइन असेल तर गावातून देऊ नका. लाइट आणि नेटवर्क दोन्ही त्याच वेळी जातात. लॅबमध्ये किंवा कॉलेजच्या ऑफिसात बसा. "गॅपमध्ये काय केलं?" हा प्रश्न येणारच. माफी मागू नका, गोष्ट सांगत बसू नका. "मुलगी आणि आजारी सासरे यांच्यामुळे नऊ वर्षं घरी होते. आठ महिन्यांपूर्वी परत आले, तेव्हापासून हे केलं," आणि लगेच तुमच्या मोजमापांकडे या. मी दहा वजनांचा तो कागद आणि टिपची चूक दोन्ही समितीला दाखवली होती. एका मॅडमनी टिपची गोष्ट ऐकून हसत पुढचा प्रश्न थेट मिठाच्या टक्क्यांवर विचारला, आणि मग गॅप कुणी काढलाच नाही.

मंजुरी आल्यावर

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही. यजमान संस्थेत स्वतंत्र खातं, रुजू झाल्याचा अहवाल, सह्या यांत महिने जातात. चार-पाच महिन्यांचं एसटीचं भाडं आणि किरकोळ खर्च बाजूला ठेवूनच रुजू व्हा. संस्थेच्या अकाउंट्समधल्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात नीट ओळख करून घ्या, पुढची सगळी बिलं त्यांच्याच टेबलावरून जाणार आहेत. खरेदी संस्थेच्या नियमाने कोटेशन मागवून करा. "ओळखीचं दुकान आहे, नंतर बिल घेऊ" यात अडकू नका.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि खर्चाचं विवरण, उपयोगिता प्रमाणपत्र तेव्हा द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो. आमच्याकडे नेमकी तेव्हाच हरभऱ्याची काढणी, त्यामुळे मी वर्षभराची बिलं फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारीच लावून टाकते. त्या दिवशी पिपेटला हातही लावत नाही.